सेंट ऑगस्टीन हायस्कूल, न्यू ऑर्लीअन्स

सेंट ऑगस्टीन हायस्कूल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लुइझिॲना राज्याच्या न्यू ऑर्लीअन्स शहरातील मुलांचे एक खाजगी कॅथलिक माध्यमिक विद्यालय. न्यू ऑर्लीअन्सच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने कृष्णवर्णीय मुलांसाठी ते १९५१ मध्ये उघडले व त्याचे संचालन जोझेफाइट या धर्मगुरुसंघाकडे सोपविले. वर्णभेदाच्या भिंतीमुळे स्थापन करावे लागलेले आणि पुढे त्या भिंतीवरच आघात करणारे विद्यालय म्हणून अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात त्याला स्थान आहे. विद्यालयाला ‘सेंट ऑग’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. जांभळा व सोनेरी हे त्याचे रंग असून त्याच्या खेळाडूंना ‘पर्पल नाइट्स’ (जांभळे सरदार) म्हणतात.

या विद्यालयाचे वेगळेपण समजण्यासाठी न्यू ऑर्लीअन्समधील कॅथलिक समाजाची घडण थोडी पाहावी लागते. संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय जनता प्रामुख्याने बाप्टिस्ट व मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथांची आहे. न्यू ऑर्लीअन्स त्याला अपवाद होय. हे शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसविले; त्यानंतर ते स्पेनच्या ताब्यात गेले आणि १८०३ मध्ये लुइझिॲना प्रदेशाबरोबर संयुक्त संस्थानांनी विकत घेतले. फ्रेंच अंमलातील १७२४ च्या गुलामविषयक कायद्यान्वये प्रत्येक गुलामाला कॅथलिक बाप्तिस्मा देणे मालकावर बंधनकारक होते. परिणामी गुलाम आणि ‘क्रिओल’ नावाने ओळखला जाणारा मुक्त मिश्रवर्णीय वर्ग हे दोन्ही कॅथलिक धर्मात वाढले. शिक्षणाची आस्था या समाजात जुनी होती. मारी कूवाँ या मुक्त कृष्णवर्णीय स्त्रीने अनाथ मुलांच्या शाळेसाठी आपली जागा मृत्युपत्राने देऊन ठेवली होती. त्या देणगीतून १८४८ मध्ये शाळा सुरू झाली. हेन्रिएट डेलील हिने १८४२ मध्ये स्थापिलेल्या ‘सिस्टर्स ऑफ द होली फॅमिली’ या कृष्णवर्णीय जोगिणींच्या संघाने १८६७ मध्ये सेंट मेरीज अकॅडमी ही मुलींची शाळा काढली.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी नष्ट झाली; पण तिच्या जागी कायद्याने वर्णविभाजन आले. त्याला आव्हान देणारा सुप्रसिद्ध खटला याच शहरातून उभा राहिला. होमर प्लेसी हा क्रिओल कारागीर १८९२ मध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या रेल्वेच्या डब्यात हेतुपूर्वक बसला. त्याच्या प्रकरणी १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे परंतु समान’ हे तत्त्व मान्य केले आणि पुढील अर्धशतकाहून अधिक काळ दक्षिणेतील शाळा, बागा व रुग्णालये त्या तत्त्वावर चालली. ‘वेगळे’ काटेकोरपणे पाळले गेले. ‘समान’ मात्र कागदावरच राहिले. न्यू ऑर्लीअन्सच्या शाळा मंडळाने १९०० मध्ये कृष्णवर्णीय मुलांचे सार्वजनिक शिक्षण पाचव्या इयत्तेपर्यंत मर्यादित केले. त्यांच्यासाठी पहिले सार्वजनिक हायस्कूल उघडण्यास १९१७ साल उजाडावे लागले. धर्मसंस्थाही या प्रवाहापासून अलिप्त राहिली नाही. चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना मागील बाके दिली जात व ख्रिस्तप्रसादासाठी त्यांना शेवटी यावे लागे. त्यांच्यासाठी पहिला स्वतंत्र धर्मग्राम १८९५ मध्ये निघाला, तेव्हा अनेक क्रिओल कुटुंबांनी त्यास कडाडून विरोध केला होता. कारण एकदा वेगळे देऊळ मिळाले की जुन्या देवळाचे दार बंद होणार, हे त्यांनी ओळखले होते.

जोझेफाइट संघाचे मूळ लंडनजवळील मिल हिल येथील मिशनमध्ये आहे. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांत कार्य करण्यासाठी तेथील धर्मगुरू १८७१ मध्ये बॉल्टिमोर येथे आले व १८९३ मध्ये त्यांचा स्वतंत्र अमेरिकन संघ झाला. न्यू ऑर्लीअन्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी अनेक धर्मग्राम स्थापन केले. त्यांपैकी १९१६ मध्ये सातव्या वॉर्डात निघालेला ‘कॉर्पस ख्रिस्ती’ हा देशातील सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय कॅथलिक धर्मग्रामांपैकी एक बनला. सातवा वॉर्ड हे क्रिओल गवंडी, गिलावा करणारे, सुतार, चिरूट वळणारे आणि वादक यांचे माहेरघर होते. या धर्मग्रामांच्या प्राथमिक शाळांतून दरवर्षी शेकडो मुले बाहेर पडत. माध्यमिक शिक्षणासाठी कॅथरिन ड्रेक्सेल या जोगिणीच्या संघाने १९१५ मध्ये काढलेली झेव्हिअर प्रेप ही शाळा होती. तथापि जेझुइटांचे वा ब्रदर्सचे हायस्कूल गोऱ्या मुलांना मिळत होते, तसे केवळ मुलांसाठी असलेले विद्यालय कृष्णवर्णीयांना नव्हते. ही उणीव सेंट ऑगस्टीनने भरून काढली. विद्यालयाला दिलेले नावही अर्थपूर्ण आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) हा पाश्चात्त्य ख्रिस्ती तत्त्वज्ञानातील सर्वश्रेष्ठ नावांपैकी एक असून त्याचा जन्म उत्तर आफ्रिकेत झाला आणि तेथीलच हिप्पो या नगरीचा तो बिशप होता.

विद्यालयाच्या स्थापनेत एक अंतर्विरोध होता. आर्चबिशप जोझेफ रमेल (कार. १९३५–६४) याने महाधर्मप्रांताच्या शाळा सर्वांना खुल्या न करता कृष्णवर्णीयांसाठी नवी शाळा काढणे ही एका दृष्टीने वर्णविभाजनाशी केलेली तडजोडच होती. याच सुमारास ए. पी. ट्यूरो हा सातव्या वॉर्डातील क्रिओल कॅथलिक वकील शहरातील सार्वजनिक शाळांमधील वर्णविभाजनाविरुद्ध न्यायालयात गेला (१९५२). १९६० मध्ये रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली, ती याच खटल्याचे फलित म्हणून. म्हणजे एकच समाज एका हाताने वेगळी शाळा उभारीत होता आणि दुसऱ्या हाताने वेगळ्या शाळांची प्रथा मोडीत होता. पालकांना यात विसंगती वाटली नसावी. मुलाचे शिक्षण न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही. विद्यालय ज्या लंडन ॲव्हेन्यूवर उभे राहिले, त्या रस्त्याला पुढे ट्यूरोचेच नाव देण्यात आले. रमेल यानेही १९५६ मध्ये वर्णविभाजन हे नीतिबाह्य व पापमय असल्याचे धर्मपत्राद्वारे घोषित केले आणि १९६२ मध्ये सर्व कॅथलिक शाळा सर्व वर्णांच्या मुलांना खुल्या करण्याचा आदेश दिला. त्याला उघड विरोध करणाऱ्या तीन गोऱ्या पुढाऱ्यांना त्याने धर्मबहिष्कृत केले.

अमेरिकेत धर्मसंस्थांच्या शाळांना, महाराष्ट्रातील अनुदानित मिशनरी शाळांना मिळते त्या प्रकारचे वेतन-अनुदान शासनाकडून मिळत नाही. मुलांची फी, देणग्या आणि अल्प निर्वाहवेतनावर शिकविणारे धर्मगुरू यांवरच अशा शाळा चालतात. सेंट ऑगस्टीनमधील पालक बहुसंख्येने कारागीर, टपाल कर्मचारी, गोदी-कामगार व शिक्षक अशा वर्गांतील होते. फी भरणे त्यांना सोपे नव्हते आणि त्यामुळे शाळेकडून त्यांची अपेक्षाही मोठी होती. पहिल्या पिढीच्या शिक्षकांनी मुलांना धंदेशिक्षणाकडे न वळविता महाविद्यालयीन शिक्षणासाठी तयार करण्याचे धोरण कटाक्षाने स्वीकारले. ‘कृष्णवर्णीय मुलाला हातांचे कौशल्य पुरेसे’ या तत्कालीन समजुतीला हे सरळ उत्तर होते. गुणवान कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी १९६४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजनेत या विद्यालयाचे विद्यार्थी वारंवार चमकले आणि उत्तरेकडील नामांकित विद्यापीठांत त्यांना प्रवेश मिळू लागले.

विद्यार्थिजीवनाचा कणा म्हणजे शिस्त होय. गणवेश, वक्तशीरपणा, धर्मशिक्षणाचे तास, प्रार्थना व मिस्सा यांनी दिवस बांधलेला असे. नियमभंगाला लाकडी फळीचा मार मिळे. उशिरा येणे, गणवेशातील त्रुटी, वर्गातील बेशिस्त अशा कारणांसाठीही ती वापरली जाई. अमेरिकेतील इतर कॅथलिक शाळांनी शारीरिक शिक्षा सोडून दिल्यानंतरही सेंट ऑगस्टीनमध्ये ती सुमारे साठ वर्षे टिकली. २०११ मध्ये आर्चबिशप ग्रेगरी एमंड याने तिला जाहीर विरोध केला आणि जोझेफाइट वरिष्ठांनीही ती बंद करण्यास सांगितले, तेव्हा अनपेक्षित दृश्य दिसले : पालक, माजी विद्यार्थी व विद्यार्थी फळीच्या बाजूने सभांत बोलले आणि त्यांनी महाधर्मप्रांताच्या कार्यालयावर मोर्चाही नेला. ज्या शहरात कृष्णवर्णीय तरुणांच्या वाट्याला तुरुंग आणि बंदुकीची गोळी सहज येते, तेथे शाळेतील मार हा प्रेमाचाच भाग आहे, बाहेरच्यांनी त्यात पडू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. गुलामगिरीच्या फटक्यांची स्मृती असलेल्या समाजाने मुलांना मारण्याची प्रथा जपावी काय, हा प्रतिप्रश्नही त्याच समाजातून विचारला गेला. शारीरिक शिक्षेने मुलांची प्रगती होते याला संशोधनाचा आधार मिळत नाही. उलट तिचे दुष्परिणाम पुष्कळ नोंदविले गेले आहेत. पण या वादात फळी हे निमित्त होते. शाळा कोणाची, ती चालविणाऱ्या संघाची की तिच्यासाठी पदरमोड करणाऱ्या समाजाची, हा खरा मुद्दा होता. अखेर समेट होऊन फळी कायमची बंद झाली.

विद्यालयाचे नाव शहरभर नेण्याचे श्रेय मात्र त्याच्या ‘मार्चिंग हंड्रेड’ या बँड-पथकाकडे जाते. एडविन हॅम्प्टन (मृ. २००९) याने १९५२ मध्ये हे पथक उभारले व सुमारे अर्धशतक त्याचे नेतृत्व केले. न्यू ऑर्लीअन्स ही जॅझ संगीताची जन्मभूमी. तेथे वाजविणाऱ्या मुलांची वाण नव्हती. हॅम्प्टनने मात्र स्वैर वादनाऐवजी स्वरांची शुद्धता, सरळ रांगा आणि लष्करी पदन्यास यांवर भर दिला. पथकात निवड होणे हा मुलांना फुटबॉल-संघातील निवडीइतकाच मोठा मान वाटे. उन्हाळी सुटीतील कवायत, शाळा सुटल्यानंतरचा रोजचा सराव आणि कार्निव्हलच्या दिवसांत ओळीने अनेक रात्री मैलोगणती चालत वाजविणे, असा हा कष्टाचा मार्ग होता.

कार्निव्हल किंवा मार्दी ग्रा हा उपवासकाळापूर्वीचा उत्सव म्हणजे न्यू ऑर्लीअन्सचा प्राण. ‘क्रू’ नावाच्या खाजगी मंडळींच्या मिरवणुका हे त्याचे मुख्य आकर्षण असते. १८७२ मध्ये स्थापन झालेले ‘रेक्स’ हे मंडळ त्यांत मानाचे असून त्याचा राजा हाच कार्निव्हलचा राजा मानला जातो. या जुन्या मंडळींचे सभासद गोरे व प्रतिष्ठित असत. कृष्णवर्णीयांना त्यांच्या मिरवणुकीत स्थान होते ते मशाली धरणारे किंवा रथांची खेचरे हाकणारे म्हणून. १९६७ मध्ये ‘रेक्स’ने सेंट ऑगस्टीनच्या पथकास निमंत्रण दिले व त्याच्या मिरवणुकीत चालणारे ते पहिले कृष्णवर्णीय पथक ठरले. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या गर्दीतील काहींनी या मुलांवर शिव्यांचा भडिमार केला, थुंकले, विटा व मूत्र फेकले. काहीही झाले तरी रांग मोडायची नाही आणि उत्तर द्यायचे नाही, अशी मुलांना ताकीद होती. त्यांनी रांग मोडली नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडून एवढ्या संयमाची अपेक्षा करणे योग्य होते का, असा विचार आज मनात येतो. त्यांच्यापैकी अनेकांनी मात्र उतारवयातही त्या दिवसाची आठवण अभिमानाने सांगितली आहे. त्यानंतर इतर मंडळींच्या मिरवणुकांचे मार्गही कृष्णवर्णीय शाळांच्या पथकांना हळूहळू मोकळे झाले. १९८७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी शहराला भेट दिली, त्या वेळीही या पथकाने वादन केले.

क्रीडाक्षेत्रातील संघर्ष अधिक प्रदीर्घ होता व तो न्यायालयात गेला. लुइझिॲनातील शालेय स्पर्धा ‘लुइझिॲना हायस्कूल ॲथलेटिक असोसिएशन’ ही संघटना भरवीत असे आणि तिचे सर्व सभासद गोऱ्यांच्या शाळा होत्या. कृष्णवर्णीय शाळांची संघटना वेगळी होती. त्यामुळे एकाच शहरातील, एकाच धर्माची दोन उत्तम विद्यालये कधीच एकमेकांशी खेळत नसत. १९६५ मध्ये सेंट ऑगस्टीन आणि गोऱ्यांचे जेझुइट हायस्कूल यांच्या बास्केटबॉल-संघांत एक सामना झाला, पण तो प्रेक्षकांविना, बंद दारांआड. सेंट ऑगस्टीनने तो जिंकला. अधिकृत नोंदीत त्याला जागा नव्हती. या संघातील हॅरल्ड सिल्व्हेस्टर हा खेळाडू पुढे अभिनेता व लेखक झाला आणि त्याच्या पटकथेवरून पासिंग ग्लोरी (१९९९) हा दूरचित्रवाणीपट निघाला.

सेंट ऑगस्टीनने संघटनेच्या सभासदत्वासाठी अर्ज केला, तेव्हा नव्या शाळेच्या प्रवेशासाठी विद्यमान सभासदांच्या मतदानाची अट घालण्यात आली. नियमाच्या शब्दांत वर्णाचा उल्लेख नव्हता. परिणाम मात्र उघड होता. विद्यालयाने संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. आपण खाजगी संघटना असल्याने समान संरक्षणाचे घटनात्मक बंधन आपणांस लागू नाही, असा बचाव करण्यात आला. संघटनेतील बहुसंख्य शाळा सरकारी आहेत, त्यांचे मुख्याध्यापक तिचा कारभार पाहतात आणि सरकारी मैदानांवर तिचे सामने होतात, तेव्हा तिची कृती ही राज्याचीच कृती होय, असा निर्णय १९६७ मध्ये देण्यात आला व १९६८ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. खाजगी म्हणविणाऱ्या क्रीडासंघटनांवर घटनेची बंधने कितपत लागू होतात, या प्रश्नावरील पुढील खटल्यांत या निर्णयाचा वारंवार आधार घेतला गेला. एका खाजगी धार्मिक शाळेने दुसऱ्या एका संस्थेचे ‘खाजगीपण’ न्यायालयात नाकारावे, हा यातील गमतीचा भाग.

प्रवेश मिळाल्यानंतर विद्यालयाने ओटिस वॉशिंग्टन या प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली १९७५, १९७८ व १९७९ मध्ये राज्याचे फुटबॉल-विजेतेपद पटकावले. (येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतील अंडाकृती चेंडूचा खेळ.) १९७८ चा अंतिम सामना जेझुइट हायस्कूलशीच झाला. सुपरडोम या प्रचंड आच्छादित क्रीडागारात तो पाहण्यास ४०,००० हून अधिक प्रेक्षक आले होते. तेरा वर्षांपूर्वी ज्या दोन शाळांना रिकाम्या सभागृहात दार लावून खेळावे लागले होते, त्यांचा हा सामना. तो सेंट ऑगस्टीनने जिंकला. १९८३ मध्ये बास्केटबॉल-संघाने एकही सामना न गमावता ३५ विजयांसह राज्याचे अजिंक्यपद मिळविले. त्या संघातील ॲव्हरी जॉन्सन पुढे व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात खेळाडू व प्रशिक्षक म्हणून नावारूपास आला.

वर्णविभाजन संपल्याने विद्यालयापुढे नवे प्रश्न उभे राहिले. पूर्वी हुशार कृष्णवर्णीय कॅथलिक मुलाला सेंट ऑगस्टीनवाचून दुसरी जागा नव्हती. १९६२ नंतर त्याला इतर कॅथलिक विद्यालयांचे दार उघडले. याउलट, गोऱ्या पालकांनी आपली मुले सेंट ऑगस्टीनमध्ये घातली असे मात्र झाले नाही. एकात्मीकरणाचा प्रवाह एकाच दिशेने वाहिला. याच दशकात क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरील ओकची झाडे तोडून तेथून उन्नत महामार्ग नेण्यात आला आणि कृष्णवर्णीयांची ती बाजारपेठ उद्ध्वस्त झाली. पुष्कळ सुस्थित कुटुंबे सातवा वॉर्ड सोडून शहराच्या नव्या वस्त्यांत गेली. धर्मगुरूंची संख्या घटत गेल्याने शिक्षक व प्रशासक म्हणून सामान्य गृहस्थ व स्त्रिया आल्या व खर्च वाढला. तरीही विद्यालय टिकले, याचे मुख्य कारण माजी विद्यार्थ्यांची निष्ठा. आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्या याच शाळेत शिकल्याची उदाहरणे शहरात आढळतात. १९८६ ते १९९४ या काळात शहराचा महापौर असलेला सिडनी बार्थेलेमी हा येथील १९६० चा विद्यार्थी. त्याच्याच कारकीर्दीत, १९९१ मध्ये, कार्निव्हल मंडळींतील वर्णभेदास आळा घालणारा नगर-अध्यादेश संमत झाला. त्यानंतर काही जुन्या मंडळींनी मिरवणुका काढणे सोडले, ‘रेक्स’ने मात्र त्या चालू ठेवल्या. अभिनेता कार्ल वेदर्स, संगीतकार जॉन बटिस्ट, तसेच फुटबॉलपटू टायरन मॅथ्यू व लेनर्ड फोर्नेट यांनीही या विद्यालयात शिक्षण घेतले.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कट्रीना चक्रीवादळाने न्यू ऑर्लीअन्सचे पूररोधक बांध फुटले व शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. विद्यालयाच्या इमारतींत पाणी शिरले आणि विद्यार्थी टेक्सस, जॉर्जिया अशा दूरच्या राज्यांत पांगले. सेंट मेरीज अकॅडमीची स्थितीही तीच होती. झेव्हिअर प्रेप तुलनेने उंचावर असल्याने लवकर सावरली. तेव्हा या तीन कृष्णवर्णीय कॅथलिक शाळांनी जानेवारी २००६ मध्ये झेव्हिअर प्रेपच्या इमारतीत एक संयुक्त शाळा सुरू केली व तिन्ही नावांतील आद्याक्षरे जुळवून तिला ‘मॅक्स’ असे नाव दिले. शहरात परतलेली मुले-मुली प्रथमच एका छपराखाली शिकू लागली. कित्येकांची कुटुंबे अद्याप तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत होती. त्याच वर्षीच्या मार्दी ग्रामध्ये तिन्ही शाळांच्या वादकांचे एकत्रित पथक अर्धवट ओसाड रस्त्यांवरून वाजवीत गेले. २००६ च्या शरद ऋतूत सेंट ऑगस्टीन आपल्या मूळ जागी पुन्हा भरू लागले. झेव्हिअर प्रेप २०१३ मध्ये तिच्या मूळ संघाने बंद केली व त्याच वास्तूत सेंट कॅथरिन ड्रेक्सेल प्रेप या नावाने नवी शाळा सुरू झाली.